पुराव्यांचे दप्तर: डू बॉइस यांनी आयुष्यभर जपलेले कागद

अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात ॲमहर्स्ट नावाचे गाव आहे. तिथल्या विद्यापीठाच्या उंच ग्रंथालयात एका माणसाचे कागद 328 खोक्यांत लावून ठेवलेले आहेत. ही खोकी एकापुढे एक मांडली, तर सुमारे 169 फुटांची रांग होते. आत एक लाखाहून अधिक कागद आहेत. त्यांतला जवळजवळ पाऊण हिस्सा पत्रांचा आहे. उरलेल्यात भाषणे, लेखांचे कच्चे खर्डे, कादंबऱ्या, नाटके, कविता, विद्यार्थिदशेतल्या वह्या, अर्ज, निवेदने, हिशेब आणि छायाचित्रे आहेत.

हे दप्तर विल्यम एडवर्ड बर्गहार्ट डू बॉइस यांचे आहे. ते कृष्णवर्णीय शिक्षक, समाजशास्त्रज्ञ, इतिहासकार, संपादक आणि नागरी हक्कांच्या चळवळीचे आघाडीचे नेते होते. त्यांचा जन्म 23 फेब्रुवारी 1868 रोजी त्याच राज्यातल्या ग्रेट बॅरिंग्टन या गावी झाला. अमेरिकेतली गुलामगिरी कायद्याने संपून तेव्हा जेमतेम सव्वादोन वर्षे झाली होती. 27 ऑगस्ट 1963 रोजी घाना देशाच्या अक्रा या राजधानीत, वयाच्या 95व्या वर्षी त्यांचे निधन झाले. दुसऱ्याच दिवशी वॉशिंग्टनमध्ये मार्टिन ल्यूथर किंग यांचे ऐतिहासिक भाषण झाले. त्या सभेत जमलेल्या लाखोंना डू बॉइस गेल्याची बातमी व्यासपीठावरून सांगण्यात आली. दास्यमुक्तीनंतरच्या पहिल्या पिढीपासून नागरी हक्क चळवळीच्या शिखरापर्यंतचा सगळा काळ या एका आयुष्यात मावतो, आणि त्या काळाचे कागदही त्यांनी जपून ठेवले.

विद्वानांकडे कागद साठतातच, असे कोणी म्हणेल. पण डू बॉइस यांचा संग्रह आपोआप साठलेला नाही. ज्या समाजाची नोंदच ठेवली जात नव्हती, त्या समाजातला एक शिक्षक आयुष्यभर पुरावे गोळा करत राहिला. कागद जपणे हा त्यांच्या लढ्याचाच एक भाग होता.

नोंदीबाहेरची माणसे

हे समजण्यासाठी अमेरिकेच्या जनगणनेकडे पाहावे लागते. 1850 आणि 1860 च्या जनगणनेत गुलामांसाठी वेगळे तक्ते होते. त्यांत मालकाचे नाव लिहिले जाई आणि त्याखाली गुलामांचे वय, लिंग आणि वर्ण. गुलामाचे नाव सहसा नसेच. पूर्वी गुलाम असलेल्या लाखो लोकांची नावे राष्ट्रीय जनगणनेत प्रथम आली ती 1870 साली. म्हणजे डू बॉइस दोन वर्षांचे होते तेव्हा.

पुढे नावे आली, तरी इतिहास लिहिणारे हात दुसऱ्यांचेच राहिले. यादवी युद्धानंतर दक्षिणेकडील राज्यांत कृष्णवर्णीयांना काही वर्षे मतदानाचा आणि प्रतिनिधित्वाचा हक्क मिळाला होता. त्या पुनर्रचनेच्या काळाला विद्यापीठांतले नामवंत इतिहासकार अंदाधुंदीचा काळ ठरवत होते आणि त्याचे खापर कृष्णवर्णीयांच्या माथी फोडत होते. डू बॉइस यांनी 1935 साली 'ब्लॅक रिकन्स्ट्रक्शन' या मोठ्या ग्रंथातून हे मत खोडून काढले. त्याच्या शेवटच्या प्रकरणात त्यांनी त्या इतिहासकारांवर सोयीचे पुरावे उचलल्याचा आणि गैरसोयीचे सोडून दिल्याचा थेट आरोप केला.

जुने दस्तऐवज मिळवणेही सोपे नव्हते, कारण वर्णभेद अभिलेखागाराच्या दारापर्यंत पोहोचला होता. पुढे ख्यातकीर्त झालेले कृष्णवर्णीय इतिहासकार जॉन होप फ्रँकलिन 1939 साली नॉर्थ कॅरोलायनाच्या राज्य अभिलेखागारात संशोधनासाठी गेले. गोऱ्या संशोधकांच्या दालनात त्यांना बसू देता येईना, म्हणून त्यांच्यासाठी वेगळी खोली रिकामी करण्यात आली. गोरे कर्मचारी त्यांना कागद आणून देणार नाहीत, म्हणून कोठाराच्या किल्ल्याच त्यांच्या हाती दिल्या गेल्या. पुढे गोऱ्या संशोधकांनी तक्रार केली की या माणसाला आपल्यापेक्षा जास्त सवलत मिळते, आणि किल्ल्या परत घेतल्या गेल्या. ज्या देशात दस्तऐवजांच्या कोठाराची ही अवस्था होती, तिथे आपले कागद आपणच सांभाळणे कृष्णवर्णीय विद्वानाला भाग होते.

शिक्षक आणि शास्त्रज्ञ

डू बॉइस यांचे शिक्षण कृष्णवर्णीयांसाठी उभारलेल्या फिस्क विद्यापीठात आणि नंतर हार्वर्डमध्ये झाले. पुढे युरोपात शिकायची त्यांची इच्छा होती. कृष्णवर्णीयांच्या शिक्षणासाठी असलेल्या स्लेटर निधीचे प्रमुख होते माजी राष्ट्राध्यक्ष रदरफर्ड हेज. युरोपात पाठवण्याजोगा कृष्णवर्णीय तरुण मिळत नाही, अशा अर्थाचे त्यांचे विधान 1890 साली वर्तमानपत्रात छापून आले. डू बॉइस यांनी ताबडतोब अर्ज केला. तशी शिष्यवृत्ती आता उरलेली नाही, असे उत्तर आले. तेव्हा या तेवीस वर्षांच्या विद्यार्थ्याने माजी राष्ट्राध्यक्षांना लिहिले की, त्या विधानाने दुखावलेल्या संपूर्ण समाजाची तुम्ही माफी मागायला हवी. त्यांनी पाठपुरावा सोडला नाही. 1892 साली अर्धी मदत आणि अर्धे कर्ज अशा स्वरूपात पैसे मंजूर झाले आणि ते बर्लिनला गेले.

बर्लिनमध्ये आपल्या पंचविसाव्या वाढदिवशी, 23 फेब्रुवारी 1893 च्या रात्री, त्यांनी खोलीत मेणबत्त्या लावून एकट्यानेच एक छोटा विधी केला आणि आयुष्याचा संकल्प लिहून काढला. विज्ञानात आणि साहित्यात नाव मिळवायचे आणि त्यातून आपल्या समाजाला वर आणायचे, असा तो संकल्प होता. तो कागद या संग्रहात आहे. पुढची सत्तर वर्षे हा माणूस कसा जगला, हे त्याच्याशी पडताळून पाहता येते.

1895 साली हार्वर्डची डॉक्टरेट मिळवणारे ते पहिले कृष्णवर्णीय ठरले. फिलाडेल्फियाच्या सातव्या वॉर्डात ते दारोदार फिरले, सुमारे 2,500 कुटुंबांची माहिती स्वतः गोळा केली आणि 1899 साली 'द फिलाडेल्फिया नीग्रो' हा ग्रंथ प्रसिद्ध केला. अमेरिकेतल्या शास्त्रीय समाजशास्त्राच्या पायाभूत ग्रंथांत त्याची गणना होते. 1897 ते 1910 या काळात ते अटलांटा विद्यापीठात अर्थशास्त्र, इतिहास आणि समाजशास्त्र शिकवत होते. तिथे त्यांनी कृष्णवर्णीय समाजाच्या आरोग्य, व्यवसाय, शिक्षण, चर्च, कुटुंब अशा एकेका अंगाचा दरवर्षी अभ्यास करण्याची मालिका चालवली. 1900 साली पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनासाठी त्यांनी आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी लोकसंख्या, मालमत्ता आणि साक्षरतेचे सुमारे साठ रंगीत तक्ते हातांनी काढले. हाताशी पैसे नसल्याने डू बॉइस बोटीच्या सर्वात स्वस्त वर्गातून पॅरिसला गेले आणि त्या प्रदर्शनाच्या मांडणीबद्दल त्यांना सुवर्णपदक मिळाले. ते तक्ते आज वॉशिंग्टनच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये आहेत. आकडेवारी चित्ररूपात मांडणारे आजचे अभ्यासकही त्यांचा दाखला देतात.

अभ्यासपूर्ण सत्य लोकांसमोर ठेवले की अन्याय दूर होईल, असे तेव्हा त्यांना वाटत होते. एप्रिल 1899 मध्ये या विश्वासाला तडा गेला. अटलांटाजवळ सॅम होज या कृष्णवर्णीय मजुराला जमावाने हालहाल करून जाळून मारले. डू बॉइस एका वृत्तपत्राच्या कार्यालयात संयमाने लिहिलेले निवेदन द्यायला निघाले होते. वाटेत त्यांना कळले की होजच्या हाताची हाडे पुढच्याच एका किराणा दुकानात प्रदर्शनासाठी ठेवली आहेत. ते तिथूनच घरी परतले. माणसे अशी मारली जात असताना आपण फक्त तटस्थ शास्त्रज्ञ राहू शकत नाही, हे त्यांना उमगले.

नष्ट केलेला अहवाल

कागदांच्या बाबतीत त्याहून थेट धडा 1906 साली मिळाला. अमेरिकी सरकारच्या कामगार विभागासाठी त्यांनी अलाबामा राज्यातल्या लाउन्डेस परगण्याचा अभ्यास केला. तिथे कृष्णवर्णीयांची संख्या मोठी होती आणि बहुतेक जण गोऱ्या जमीनमालकांची शेती वाट्याने कसत होते. जमिनीची मालकी, कर्ज, मजुरी, कुटुंबरचना आणि राजकीय हक्क या सगळ्यांची माहिती गोळा झाली. नकाशे आणि कोष्टके तयार झाली, आणि अहवाल वॉशिंग्टनला रवाना झाला.

तो छापला गेला नाही. विषय राजकीयदृष्ट्या अडचणीचा असल्याचे त्यांना सांगण्यात आले. त्यांनी हस्तलिखित परत मागितले, तेव्हा ते नष्ट करण्यात आल्याचे उत्तर मिळाले. अनेक महिन्यांचे श्रम, गरीब कुटुंबांनी विश्वासाने सांगितलेली हकिगत आणि त्या परगण्याचे एका विशिष्ट क्षणीचे चित्र सरकारी कचेरीत कायमचे संपले.

या पार्श्वभूमीवर त्यांची पुढची सवय पाहावी. आलेले पत्र ते ठेवतच, पण आपण पाठवलेल्या पत्राची प्रतही ठेवत. टंकलेखन यंत्रात कार्बन घालून काढलेल्या हजारो प्रती या संग्रहात आहेत. त्यामुळे इथे संवादाच्या दोन्ही बाजू सापडतात: प्रश्न आणि उत्तर, विनंती आणि नकार, आरोप आणि खुलासा. इतिहासाच्या अभ्यासकाला याचे मोल वेगळे सांगायला नको. बहुतेक संग्रहांत फक्त आलेली पत्रे असतात आणि गेलेल्या पत्रांसाठी दहा गावे धुंडाळावी लागतात.

पत्रांतले जग

1909 साली 'एनएएसीपी' ही कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणारी संघटना स्थापन झाली. डू बॉइस तिच्या संस्थापकांपैकी एक होते. अटलांटाची नोकरी सोडून ते न्यूयॉर्कला आले आणि नोव्हेंबर 1910 मध्ये 'द क्रायसिस' हे मासिक त्यांनी सुरू केले. पहिल्या अंकाच्या 1,000 प्रती निघाल्या होत्या. दहा वर्षांच्या आत खप एक लाखाच्या घरात गेला. त्यात झुंडबळींची आकडेवारी येई, तशी नव्या पदवीधरांची छायाचित्रेही येत. 1920-21 मध्ये त्यांनी कृष्णवर्णीय मुलांसाठी 'द ब्राउनीज बुक' नावाचे मासिकही चालवले. या संपादकीय काळात त्यांच्या टेबलावर देशभरातून पत्रे येत राहिली आणि ती दप्तरात जात राहिली.

मोठी नावे पाहायची तर ती रग्गड आहेत. ऑक्टोबर 1931 मध्ये डू बॉइस यांनी अल्बर्ट आइन्स्टाइन यांना 'क्रायसिस'साठी चार ओळी लिहिण्याची विनंती केली. आइन्स्टाइन यांनी जर्मनमध्ये छोटा लेख पाठवला. डू बॉइस यांनी तो इंग्रजीत करून फेब्रुवारी 1932 च्या अंकात छापला. अमेरिकेत राहत असताना लाला लजपतराय यांची त्यांच्याशी मैत्री झाली होती. 'डार्क प्रिन्सेस' या 1928 च्या कादंबरीत नायिका भारतीय राजकन्या आहे. तिचा भारतीय तपशील तपासण्यासाठी डू बॉइस यांनी हस्तलिखिताचा भाग लजपतराय यांच्याकडे पाठवला होता. 1929 साली त्यांच्या विनंतीवरून महात्मा गांधींनी अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांसाठी संदेश पाठवला आणि तो जुलैच्या अंकात प्रसिद्ध झाला.

तरी या दप्तराचा जीव अनोळखी माणसांच्या पत्रांत आहे. जानेवारी 1905 मधले एक पत्र पाहा. पेनसिल्व्हेनियातल्या एका शिक्षिकेने त्यांना कळवले होते की, शाळेतली एक हुशार कृष्णवर्णीय मुलगी अभ्यास करत नाही. शिकून आपल्यासारखीला संधी कुठे मिळणार, असे तिला वाटते. डू बॉइस तेव्हा राष्ट्रीय ख्यातीचे लेखक होते. 'द सोल्स ऑफ ब्लॅक फोक' हे त्यांचे गाजलेले पुस्तक येऊन दोन वर्षे होत आली होती. तरी त्यांनी त्या मुलीला स्वतः पत्र लिहिले. तुझ्यासारखी संधी मिळावी म्हणून लाखो मुले तळमळत आहेत, ती वाया घालवणे हा त्यांच्यावर अन्याय आहे, असे त्यांनी तिला कळकळीने समजावले.

ऑक्टोबर 1914 मध्ये त्यांची मुलगी योलांड इंग्लंडमधल्या बीडेल्स शाळेत शिकायला गेली. तिला लिहिलेल्या पत्रातही बाप आणि शिक्षक एकत्र बोलतात. तुझ्या सावळ्या रंगाकडे आणि कुरळ्या केसांकडे लोक वळून पाहतील, पण ते फक्त नवलाईपोटी, त्याने बावरून जाऊ नकोस, चांगली भारदस्त पुस्तके वाच, असा त्याचा आशय आहे. चौदा वर्षांच्या मुलीला परदेशी वर्णभेदाला तोंड द्यायला शिकवणारा हा मजकूर घरगुती पत्रात आहे, म्हणूनच तो कोणत्याही जाहीर भाषणापेक्षा जास्त सांगून जातो.

बाबासाहेबांचे पत्र

मराठी वाचकाने या दप्तरातला एक कागद आवर्जून पाहावा. तो आहे डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी जुलै 1946 च्या सुमारास डू बॉइस यांना लिहिलेले पत्र.

महाराष्ट्र आणि अमेरिकेतले कृष्णवर्णीय यांचे वैचारिक नाते त्याआधीचे आहे. महात्मा जोतीराव फुले यांनी 1873 साली 'गुलामगिरी' हा ग्रंथ अमेरिकेतल्या दास्यमुक्तीसाठी झटणाऱ्या सदाचारी लोकांना अर्पण केला होता. 1913 ते 1916 या काळात आंबेडकर न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकत होते आणि त्याच शहरातून डू बॉइस 'क्रायसिस' चालवत होते.

1946 चा उन्हाळा आंबेडकरांसाठी फार कठीण होता. सत्तांतराच्या वाटाघाटींत कॅबिनेट मिशनने अस्पृश्यांच्या स्वतंत्र हक्कांची दखल घेतली नव्हती. आंबेडकरांच्या शेड्युल्ड कास्ट्स फेडरेशनने त्याविरुद्ध पुण्यात सत्याग्रह सुरू केला होता. त्याच सुमारास, 6 जून 1946 रोजी, अमेरिकेतल्या नॅशनल नीग्रो काँग्रेस या संघटनेने कृष्णवर्णीयांवरील अन्यायाचे निवेदन संयुक्त राष्ट्रांकडे दिले. ती बातमी आंबेडकरांच्या वाचनात आली.

त्यांचे पत्र छोटे आणि मुद्द्याचे आहे. आपण कृष्णवर्णीयांच्या प्रश्नाचा अभ्यास केला आहे, भारतातले अस्पृश्य आणि अमेरिकेतले कृष्णवर्णीय यांच्या स्थितीत इतके साम्य आहे की त्या प्रश्नाचा अभ्यास गरजेचाच आहे, असे ते सांगतात. अस्पृश्यांच्या वतीने आपणही संयुक्त राष्ट्रांकडे जाण्याच्या विचारात आहोत, तेव्हा त्या निवेदनाच्या दोन-तीन प्रती मिळाव्यात, अशी विनंती ते करतात.

31 जुलै 1946 रोजी डू बॉइस यांनी उत्तर दिले. त्यांनी नॅशनल नीग्रो काँग्रेसचे निवेदन सोबत जोडले. एनएएसीपीकडून अधिक सविस्तर निवेदन तयार होणार आहे, तेही पाठवीन, असे आश्वासन दिले. आपण आंबेडकरांचे नाव आणि कार्य ऐकून आहोत आणि भारतातल्या अस्पृश्यांबद्दल आपल्याला पूर्ण सहानुभूती आहे, असेही लिहिले.

दोन्ही पत्रांनंतर काय घडले, हे जाणून घेणे उद्बोधक आहे. डू बॉइस यांच्या संपादनाखाली 'ॲन अपील टू द वर्ल्ड' हे निवेदन 23 ऑक्टोबर 1947 रोजी संयुक्त राष्ट्रांना सादर झाले. अमेरिकी सरकारच्या विरोधामुळे ते पुढे सरकले नाही. आंबेडकरांनीही अनुसूचित जातींच्या स्थितीवर संयुक्त राष्ट्रांसाठी अहवाल तयार केला होता. घटना समितीला आणि भावी संसदेला आधी संधी द्यावी, अशा विचाराने त्यांनी तो सादर केला नाही. ही गोष्ट त्यांनी स्वतः 1951 साली मंत्रिमंडळाचा राजीनामा देताना केलेल्या निवेदनात सांगितली आहे. हे निवेदन आणि ॲमहर्स्टचे पत्र शेजारी ठेवून वाचले, तर राज्यघटना घडण्याआधीच्या त्या एका वर्षात आंबेडकर किती दूरवरचे पर्याय तोलत होते, हे स्पष्ट दिसते.

आरोपीच्या पिंजऱ्यात

डू बॉइस कागद जपत होते, तेव्हा सरकारही त्यांच्यावर कागद तयार करत होते. एफबीआय या अमेरिकी तपास यंत्रणेने 1942 पासून त्यांच्यावर नजर ठेवली होती. 1948 साली एनएएसीपीने त्यांना पदावरून दूर केले. त्यानंतर ते अण्वस्त्रांविरुद्ध सह्या गोळा करणाऱ्या शांतता केंद्राचे काम करू लागले. फेब्रुवारी 1951 मध्ये त्यांच्यावर परकीय शक्तीचे नोंदणी न केलेले हस्तक असल्याचा आरोप ठेवण्यात आला. त्र्याऐंशीच्या उंबरठ्यावर असलेल्या या शिक्षकाच्या बोटांचे ठसे घेतले गेले, हातांत बेड्या पडल्या.

नोव्हेंबरमध्ये खटला उभा राहिला. आइन्स्टाइन बचावाच्या बाजूने साक्ष द्यायला तयार होते. ती वेळ आली नाही, कारण सरकारपक्षाला काहीच सिद्ध करता आले नाही आणि न्यायाधीशांनी आरोप फेटाळून लावले. निर्दोष सुटूनही पुढे अनेक वर्षे, 1958 पर्यंत, त्यांना पासपोर्ट मिळाला नाही. 1957 मध्ये घाना स्वतंत्र झाला, तेव्हा त्या सोहळ्यालाही त्यांना जाता आले नाही.

तळघरातून ग्रंथालयात

1961 च्या ऑक्टोबरात डू बॉइस यांनी कम्युनिस्ट पक्षाचे सदस्यत्व मागितले आणि त्यानंतर काही दिवसांतच ते घानाला रवाना झाले. तिथले राष्ट्राध्यक्ष एन्क्रुमा यांच्या निमंत्रणावरून आफ्रिकेचा विश्वकोश तयार करण्याचे काम त्यांनी हाती घेतले होते. तेव्हा वय होते 93. प्रश्न होता दप्तराचा.

त्यातला मोठा भाग त्यांनी हर्बर्ट ॲप्थेकर यांच्या हवाली केला. ॲप्थेकर हे गोरे, ज्यू, कम्युनिस्ट इतिहासकार होते आणि गुलामांच्या बंडांवर त्यांनी संशोधन केले होते. आंबेडकरांना पाठवलेल्या 1946 च्या निवेदनातला वस्तुस्थितीचा भाग त्यांनीच लिहिला होता. त्याच वर्षापासून डू बॉइस यांच्या पत्रव्यवहाराच्या संपादनाची जबाबदारीही त्यांच्याकडे आली होती. कम्युनिस्टविरोधाच्या त्या काळात ना डू बॉइस यांच्या पत्रांना प्रकाशक मिळत होता, ना ॲप्थेकर यांना विद्यापीठात नोकरी. ॲप्थेकर यांनी ब्रुकलिनमधल्या आपल्या घराच्या तळघरात ते कागद वर्षानुवर्षे सांभाळले. काही भाग आधीच फिस्क विद्यापीठाकडे गेला होता, काही घानाला. 1966 साली घानात लष्करी उठाव झाला. डू बॉइस यांच्या पत्नी आणि स्वतः लेखिका असलेल्या शर्ली ग्रॅहम डू बॉइस यांना देश सोडून कैरोला जावे लागले.

1973 साली मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाने शर्ली यांच्याकडून हा संग्रह मिळवला. ॲमहर्स्टचे तेव्हाचे कुलपती रँडॉल्फ ब्रोमरी यांनी त्यासाठी पुढाकार घेतला. ते भूभौतिकशास्त्रज्ञ होते, दुसऱ्या महायुद्धात कृष्णवर्णीयांच्या टस्कीगी वैमानिक पथकात होते आणि त्या विद्यापीठाचे पहिले कृष्णवर्णीय कुलपतीही होते. त्याच वर्षी ॲप्थेकर यांनी संपादित केलेल्या पत्रव्यवहाराचा पहिला खंड विद्यापीठाच्या प्रकाशनगृहाने काढला. उरलेले दोन खंड 1976 आणि 1978 मध्ये आले. यादी तयार झाली, सूक्ष्मफिती निघाल्या आणि 1980 च्या सुमारास संग्रह अभ्यासकांसाठी खुला झाला. 1990 च्या दशकात ग्रंथालयाच्या इमारतीलाच डू बॉइस यांचे नाव देण्यात आले. ज्या राज्यात ते जन्मले, त्याच राज्यात त्यांचे कागद परतले.

2009 पासून सगळ्या संग्रहाचे संगणकीकरण सुरू झाले. प्रत्येक कागद वेगळा टिपला गेला. कोणी, कोणाला, कधी आणि कशाबद्दल लिहिले, याची नोंद त्याला जोडली गेली. आज विद्यापीठाच्या 'क्रेडो' या डिजिटल संग्रहात हे कागद जगातल्या कोणालाही विनामूल्य पाहता येतात. आंबेडकर हे नाव टाकले की ते पत्र आणि त्याचे उत्तर समोर येते. आता परभणीतला किंवा पणजीतला विद्यार्थी घरबसल्या मूळ कागदावरून अभ्यास करू शकतो. 1939 साली फ्रँकलिन यांना किल्ल्या देऊन परत घेणाऱ्या व्यवस्थेला याहून ठोस उत्तर असू शकत नाही.

आपल्या घरातले कागद

हा संग्रह टिकला तो एका माणसाच्या शिस्तीमुळे, एका मित्राच्या निष्ठेमुळे, एका पत्नीच्या चिकाटीमुळे आणि एका विद्यापीठाच्या निर्णयामुळे. यातला एक दुवा तुटता, तर दप्तराचा मोठा भाग लाउन्डेसच्या अहवालाच्या वाटेने गेला असता. महाराष्ट्रालाही असे काम परके नाही. राज्य शासनाने 1979 पासून प्रसिद्ध केलेल्या बाबासाहेबांच्या लेखन आणि भाषणांच्या खंडांमागे वसंत मून यांनी कागद मिळवण्यासाठी आणि लावण्यासाठी घेतलेले अपार कष्ट आहेत. पण प्रत्येक जिल्ह्यात वसतिगृह चालवणारे गुरुजी, रात्रशाळेच्या बाई, सत्याग्रहात तुरुंगात गेलेले कार्यकर्ते, लहान साप्ताहिकांचे संपादक होऊन गेले. त्यांची पत्रे, वह्या, सभांची पत्रके आणि छायाचित्रे आजही कुणाच्या तरी पेटीत पडून आहेत.

म्हणून वाचकांना एक विनंती. घरातल्या अशा माणसाचे कागद रद्दीत घालण्याआधी एकदा उघडून पाहा. छायाचित्रामागे नावे आणि साल लिहा. पत्रे ज्या क्रमाने ठेवली असतील तो क्रम मोडू नका. मोबाइलवर प्रती काढून ठेवा आणि मूळ कागद जवळच्या विद्यापीठाच्या, संशोधन मंडळाच्या किंवा जिल्हा ग्रंथालयाच्या हवाली करा. ज्या समाजाचे कागद उरत नाहीत, त्याचा इतिहास दुसरेच लिहितात. डू बॉइस यांनी हे ओळखले होते आणि त्यावर आयुष्य खर्ची घातले. आपल्या घरापुरते तेवढे करणे आपल्यालाही शक्य आहे.